सात जळक्या कॉइली

इलियास मिस्त्रीच्या खिशात कधी पेन नसे, टेस्ट लॅम्प असे. एका टोकाला अणकुचीदार सळई, मधे चिंचोक्याएवढा बल्ब आणि दुसऱ्या टोकाला वायर नि चिमटा. गाडीच्या वायरीत करंट आहे की नाही हे बघायचं ते हत्यार. पण इलियास ते लग्नाकार्यातही खिशाला लावून यायचा. एकदा आमच्या शहरातल्या औरंगपुऱ्यात एका लग्नात माइक खरखरू लागला, तर हा मांडववाल्याच्या वायरी तपासत बसला आणि जेवला थेट शेवटच्या पंगतीत.

"तार दिसती, करंट दिसत नाय, देवा," तो मला म्हणे. "जे दिसत नाय त्याच्यावर आधी शक करायचा. बत्ती पेटली की मग इमान."

शक करण्यात त्याचा हात धरणारा मी पाहिला नाही. दूधवाल्याच्या मापात बोट घालून तळ चाचपायचा. मी सुपारी पुढे केली तर म्हणायचा, "आधी तू खा." घड्याळ दुरुस्त करून आणलं की समोरच्या पानवाल्याला वेळ विचारायचा. त्याची बायको जोहराभाभी सांगायची, "निकाह के वखत काजीसाबने तीन बार पूछा. इन्होंने रातकू चौथी बार पूछा, सच्ची कबूल है ना?"

अशा माणसावरच साऱ्या बाजारानं अडतीस वर्षं वहीम घेतला. जुन्या मोंढ्याच्या बाजारपेठेपासून क्रांती चौकापर्यंतचे गॅरेजवाले त्याला माघारी 'कॉइलचोर' म्हणत. इलियास आता नाही. तो डाग कसा लागला आणि कसा निघाला, हे पहिल्यापासून शेवटपर्यंत ठाऊक असलेला मी एकटाच उरलो आहे, म्हणून लिहितो.

इलियासचा बाप हैदरभाई निजामाच्या काळात सरकारी बसवर क्लीनर होता. अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन झाली तेव्हा इलियास चार वर्षांचा. त्या दिवसांत कोण कुणाचा, काही कळत नव्हतं. हैदरभाई घराबाहेर पडण्याआधी दाराच्या फटीतून गल्ली बघायचे, आणि पोरगं त्यांच्या दोन पायांमधून तीच गल्ली बघायचं. पुढे दिवस निवळले, बस पुन्हा धावू लागल्या. पण पाहुणा म्हणून आलेला संशय त्या घरी मुक्कामालाच राहिला. इलियास दहाव्या वर्षी गॅरेजात लागला, विसाव्या वर्षी त्याला साऱ्या शहरात वायरिंगचा मिस्त्री म्हणून ओळखू लागले, आणि सत्ताविसाव्या वर्षी तो आमच्या मंडळीत आला.

आमची मंडळी म्हणजे शिवनामाई संगीत नाट्य मंडळी. मालक नानासाहेब. स्वभाव तापट, हात सढळ, आणि कान मात्र हलके. त्यांनी छावणीतल्या लष्करी लिलावात एक जुना पेट्रोल ट्रक घेतला होता, सहा सिलिंडरचा. त्याचं नाव आम्ही ऐरावत ठेवलं. दिवसा ऐरावत पडदे, पेट्या आणि माणसं वाहायचा. मुक्कामाला पोचला की रंगमंचाच्या पाठीला पाठ लावून उभा राहायचा. मग त्याचा हौदा म्हणजे बायकांची रंगपटाची खोली आणि पुढची केबिन माझी. इलियास ऐरावतचा ड्रायव्हर, ऐरावतचा मिस्त्री आणि खेळाच्या वेळी पडदा ओढणारा. चावी तो केबिनमधल्या खिळ्याला अडकवायचा आणि पडद्याच्या दोरीपाशी जाऊन उभा राहायचा.

मी विष्णू व्हायचो. उंची बरी, आवाज खणखणीत आणि अक्कल बेताची. देव व्हायला एवढं पुरतं. शेवटच्या अंकात मी सिंहासनावर बसलो की माझ्या मुकुटातलं लाल भिंग पेटायचं. माणसं उठून हात जोडायची, म्हाताऱ्या बायका तिथूनच दृष्ट काढायच्या. ते भिंग कसं पेटतं हे मी कुणाला सांगितलं नाही. विचारलंच तर "आत सेल बसवलेत" म्हणायचो. नटानं आपली जादू उघडी करायची नसते, अशी तेव्हाची शिकवण. इलियास मला तेव्हापासून 'देवा' म्हणू लागला, आणि देवाला कुणी अहो-जाहो करत नाही म्हणून अरे-तुरेही करू लागला.

ऐरावतला एकच खोड होती. त्याच्या कॉइल जळायच्या.

कॉइल म्हणजे मुठीत मावेल एवढा डबा. बॅटरीच्या जेमतेम करंटला बळ देऊन तो प्लगपर्यंत पाठवायचा, हे तिचं काम. पॉइंट नावाच्या दोन बारक्या टिकल्या पापणीसारख्या उघडतात-मिटतात आणि त्या तालावर ठिणगी पडते. कॉइल आतून शिजली की ठिणगी गेली, ठिणगी गेली की ऐरावत जागेवर बसला. चांगल्या गाडीला एक कॉइल वर्षानुवर्षं पुरते. ऐरावतनं तीन हंगामांत सहा खाल्ल्या. कधी लागोपाठ दोन मुक्कामांना, कधी दोन-दोन महिने काहीच नाही. इलियास वायर न् वायर तपासायचा, बत्ती लावून बघायचा, आणि काही सापडलं नाही की रडकुंडीला यायचा.

"अरे, कॉइल काय भजी म्हणून तळतोस का?" नानासाहेब ओरडायचे. "नवी आणली की जळली! कुठं जातात माझ्या कॉइल?"

सातवी जळली ती चौऱ्याहत्तर साली, पाचोडच्या वाटेवर. आठवडी बाजाराचा दिवस होता. बाजार उठायच्या आत खेळाची दवंडी द्यायची होती, आणि ऐरावत गावाबाहेर अर्ध्या कोसावर बसला. शेवटी दोन बैलजोड्या जुंपून त्याला बाजारात ओढत नेलं. ट्रकच्या दर्शनी बाजूला माझं विष्णूचं चित्र, आणि पुढे बैल! सारा बाजार पोट धरून हसला. त्या हसण्यानं नानासाहेबांचं डोकं फिरलं. त्यांनी भर बाजारात इलियासची हत्यारांची पेटी खेचून उलटी केली. पान्यांच्या ढिगात सहा कॉइल पडल्या.

"हे बघा!" नानासाहेब गरजले. "चांगल्या कॉइल काढायच्या, जळाल्या म्हणून सांगायचं आणि मोंढ्यात विकायच्या! चोर पोसला मी!"

"मालक, जळालेल्या हायेत," इलियास म्हणाला. "का जळतात ते बघायसाठी ठिवल्या. कसम खुदा की."

"जळकं भंगार कोण जपून ठेवतं?"

इलियासनं एकेकाकडे बघितलं आणि शेवटी माझ्याकडे. मी खाली बघितलं. खरं सांगतो, तेव्हा मलाही तो चोरच वाटला होता. त्यानं सहाही कॉइल गोळा केल्या, ऐरावतमधली सातवी काढून घेतली आणि पाचोडहून चालत निघाला.

पुढे नवा ड्रायव्हर आला. आणि चमत्कार बघा, कॉइल जळायच्या थांबल्या! एकसुद्धा जळाली नाही. मग काय, पुरावाच मिळाला. "इलियास गेला अन् पीडा गेली," असं जो तो म्हणू लागला, आणि ते बोलणं आमच्याआधी शहरात पोचलं.

दोन हजार बारा साल उजाडलं. मंडळी कधीच मोडली होती, नानासाहेब गेले होते. त्यांचा मुलगा बद्रीनाथ औरंगपुऱ्यात कापडाचं दुकान चालवायचा आणि दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ऐरावत झाकून ठेवायचा. एक दिवस त्यानं मला बोलावलं.

"बन्सीकाका, बाबांच्या जन्माला शंभर वर्षं होताहेत. पाचोडला कार्यक्रम ठेवलाय, बाजारातच. ऐरावतनं स्वतःच्या इंजिनावर तिथं जावं असं वाटतं."

"मग ने की."

"चालत नाही ना! पॉइंट मिळत नाहीत आता. लेथवर करून आणले, आठवड्यात जळाले. तर मी पुण्याहून हे मागवलंय." त्यानं एक खोकं उघडलं. आत काडेपेटीएवढी काळी डबी, दोन वायरी आणि लोहचुंबकाची एक कडी. "इलेक्ट्रॉनिक इग्निशन. पॉइंटचं काम ही डबीच करते. झिजणं नाही, जळणं नाही. पण बसवायला तीन मिस्त्री येऊन गेले, तिघांनी हात जोडले. म्हणाले, या गाडीची वायरिंग कुणाला कळत नाही. ज्यानं केली त्यालाच बोलवा."

त्यानं खोक्याचं झाकण लावलं.

"बाबांनी ज्याला हाकललं त्याच्या हातात गाडी द्यायची, काका, माझा जीव होत नाही. तुम्ही बसाल का शेडमध्ये? नुसतं लक्ष ठेवायला. तुमच्यावर त्याचाही विश्वास असेल."

मी हो म्हणालो. नाटक बंद पडलेल्या नटाला कुणी नुसतं बसायचंही काम दिलं तरी तो हो म्हणतो.

जुन्या मोंढ्यामागच्या गल्लीत इलियासचं दुकान होतं. अडुसष्ट वर्षांचा झालेला, दाढी पांढरी, नजर तीच. मी बाकावर बसलो आणि समोरच्या फळीकडे लक्ष गेलं. फळीवर ओळीनं सात कॉइल मांडलेल्या होत्या. सातही मधोमध करवतीनं कापलेल्या, आत काळा कोळसा. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगानं एकेका गावाचं नाव: वैजापूर, लासूर, गंगापूर, फुलंब्री, बिडकीन, पैठण, पाचोड.

सात! चोर आपला माल असा मांडून ठेवतो का? की उजळ माथ्यानं फिरायला मुद्दाम मागून जाळल्या आणि कापल्या? गावांची नावं वाचताना मला आणखी एक वाटलं, आणि ते मी मोठ्यानं बोललोसुद्धा: "काय एकेक गावं रे! सगळी माझ्या टाळ्यांची."

"तुझ्या टाळ्यांची, अन् माझ्या शिव्यांची," इलियास म्हणाला. "अडतीस साल बघतोय त्यांच्याकडं, देवा. भायेरून शिजल्या, का आतून, का येड्या होऊन शिजल्या, उमगत नाय."

मी निरोप सांगितला. तो बराच वेळ टेस्ट लॅम्पच्या वायरीचं वेटोळं करत बसला.

आतून जोहराभाभी बाहेर आली. "जाना नक्को. फिर एक स्क्रू कम पडा तो अल्लामियाँ आके गवाही देनेवाले हैं क्या?"

"गवाहीला यो देव हाय की," इलियास माझ्याकडे बोट करून म्हणाला. मग गंभीर झाला. "येतो. पण शर्त हाय. बद्रीशेठनं पूरा वखत तिथंच बसायचं. काढलेला एकेक पुर्जा त्याच्या पेटीत, अन् कुलूप त्याचं. माझं नाव माझ्या जित्तेपणी साफ व्हावं, येवढंच राहिलंय. मेल्यावर कबरीवर येऊन कोन सांगनार?"

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये जो प्रयोग सुरू झाला, तसा मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. बद्रीनाथ कुलपाची पेटी मांडीवर घेऊन स्टुलावर, मी खुर्चीत, आणि इलियास बॉनेटखाली. बद्रीनाथला इलियासचा संशय, इलियासला बद्रीनाथचा, आणि दोघांना मिळून त्या काळ्या डबीचा.

"हिच्या आत काय हाय?"

"मिस्त्री, सीलबंद आहे. उघडत नाही ती," बद्रीनाथ म्हणाला.

"जे उघडत नाय त्याच्यावर इमान कसं ठेवायचं, शेठ? पॉइंट कसा, जळाला तर डोळ्यानं दिसतो. ही जळाली तर तोंड काळं झालेलंपन दिसायचं नाय. पयल्यापासूनच काळी!"

त्यानं डबी कानाशी हलवली, हुंगली, सळईनं टोचून पाहिली. मग प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून जुने पॉइंट आणि त्यांच्या जोडीचा कंडेन्सर काढले. मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो. बद्रीनाथ फोनवर बोलायला वळला, आणि इलियासनं पॉइंट नि कंडेन्सर रुमालात गुंडाळून हळूच खिशात घातले. सापडला! अडतीस वर्षांनी पुन्हा तीच खोड!

"इलियास, खिशात काय ते?" मी नाटकातल्या आवाजात विचारलं.

त्यानं रुमाल उघडून दाखवला. मग एक पत्र्याची डबी घेतली, पॉइंट, कंडेन्सर आणि एक स्क्रूड्रायव्हर आत ठेवून ती केबिनच्या कप्प्यात टाकली. "तुमची नवी बाई रस्त्यात रुसली, तर जुनी पायजे का नको? जळाले असले तरी घासून घरापतुर आनतील. हात काळे हायेत म्हनून रुमालात धरले. शेठ, लिहून घ्या, पुर्जे दोन, जागा कप्पा." मग माझ्याकडे बघून, "देवा, पहारा मस्त देतोस. मागल्या जन्मी द्वारपाल व्हतास का?"

बद्रीनाथ हसला. मी हसल्यासारखं केलं.

दुपारी इलियास केबिनमध्ये आडवा होऊन चावीच्या मागच्या स्क्रूला कॉइलकडे जाणारी वायर जोडत होता. त्यानं मला हाक मारली. "चष्मा हाय ना तुझा? हे बघ." चावीच्या मागे दोन पितळी स्क्रू होते. खालच्या स्क्रूवर बारीक बारीक खाचा होत्या, एका रांगेत, वर चार आणि खाली चार. "दात हायेत. मी नोकरीला व्हतो तवाच दिसले व्हते. उंदराचे म्हनून मी इथं औषध ठिवलं, सापळा ठिवला. येक उंदीर घावला नाय. पितळ खानारा उंदीर कोनता असंल रे?"

मी चष्मा काढून पुसला. "मला काय ठाऊक?" म्हणालो आणि खुर्चीवर येऊन बसलो. त्या खाचा बघून मला कसलीशी आठवण येत होती, पण ती पडद्यामागेच उभी राहिली, पुढे येईना.

काम संपत आलं. खोक्यात सूचनांचा कागद होता, इंग्रजी. बद्रीनाथचा चष्मा दुकानात राहिला होता. इलियासला इंग्रजीतले फक्त आकडे येत, गाड्यांच्या नंबरपाट्यांवरून शिकलेले. मी जुना मॅट्रिक. कागद माझ्याकडे आला. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि एकेक सूचना मराठीत करून वाचू लागलो. पहिली: बॅटरी जोडण्याआधी वायरी तपासा. दुसरी: तांबडी वायर कॉइलच्या अधिक बाजूला. तिसरी: काळी वायर उणे बाजूला.

चौथी सूचना मी मनात वाचली. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवू नका. तसं केल्यास कॉइल तापून जळू शकते.

आणि पडद्यामागची ती आठवण एकदम समोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात चिमटा होता.

माझ्या मुकुटात सेल कधीच नव्हते. गाडीच्या मागच्या दिव्याचा बल्ब होता. बॅटरीच्या पेटीला नानासाहेबांचं कुलूप असायचं, म्हणून मी केबिनमध्ये बसून चावीमागच्या स्क्रूला चिमटा लावायचो. दाते असलेला चिमटा. जिवंत तारेला हात लावायची भीती वाटायची, म्हणून चावी फिरवल्यावरच करंट येईल तो स्क्रू निवडला होता. दुसरी वायर गाडीच्या पत्र्याला, आणि दोन्ही फळ्यांखालून सिंहासनापर्यंत. शेवटच्या अंकाला निघताना खिळ्यावरची चावी घ्यायची, फिरवायची आणि जायचं. सिंहासनावर दोन पितळी पट्ट्या होत्या आणि मुकुटाच्या वायरी माझ्या पाठीवरून शेल्याआड खाली यायच्या. बसलो की मुकुट पेटायचा. पाऊण तासानं परत येऊन चिमटा काढायचा, चावी खिळ्याला. त्या पाऊण तासात कॉइल एकटीच शिजत असायची आणि पुढच्या वाटेवर कुठेतरी मान टाकायची. आणि नवा ड्रायव्हर आला तो चावी करगोट्याला बांधून झोपणारा. चावी मिळेना, म्हणून मुकुटाची जादू संपली. मुकुट विझला आणि कॉइल जळायच्या थांबल्या.

हे सगळं मला त्या एका ओळीएवढ्या वेळात कळलं. आणि मी काय केलं? मी पाचवी सूचना वाचली. सहावी, सातवी, आठवी, नववी. आवाज कुठेही कापू दिला नाही. कागदाची घडी केली.

"परत वाच," इलियास म्हणाला.

"का?"

"कागदावर आकडे नऊ हायेत. तू वाचल्या आठ. मोजल्या मी."

बद्रीनाथनं मान वर केली. "चुकून राहिली असेल, मिस्त्री."

"देवाची ओळ चुकत नाय, शेठ. तीन साल दोरीपाशी उभं राहून ऐकलंय मी त्याला. कोनची राहिली, देवा?"

मी चौथी वाचली.

इलियास मान हलवू लागला. "हे खरं लिव्हलंय. पॉइंट मिटलेला असताना इंजिन थांबलं अन् चावी चालू राहिली, तर कॉइल शिजनारच. उघडा राहिला तर वाचती. नशिबाचा खेळ." मग बद्रीनाथकडे वळून छातीला हात लावला. "पन माझी चावी कधी चालू राहिली नाय. खिळ्याला लावूनच मी दोरीला हात लावायचा. कुरानावर हात ठेवून सांगतो, शेठ."

त्याला वाटलं, तो कागद त्याच्यावरच आळ घेतोय. तो अडुसष्ट वर्षांचा माणूस कागदाच्या एका ओळीला उत्तर देत होता. ते मला सहन झालं नाही.

"चावी तू चालू ठेवली नाहीस," मी म्हणालो. "मी ठेवली." आणि उभ्या उभ्या सारं सांगितलं. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत छोटं भाषण असेल.

इलियासच्या हातातून पाना खाली पडला. त्याच्या हातून हत्यार पडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"मिस्त्री..." बद्रीनाथ उठून उभा राहिला.

"थांबा शेठ." इलियासची नजर माझ्यावरून हलली नाही. "हे खरं कशावरून? ह्यो नट हाय. मला बरं वाटावं म्हनून बोलत असंल. मुकुट कुठंय?"

"घरी. ट्रंकेत."

"आन."

मी रिक्षा करून मुकुट घेऊन आलो. भिंग निखळलेलं, वर्ख उडालेला, पण आतला बल्ब आणि ट्रंकेतच पडलेली वायर नि चिमटा शाबूत. इलियासनं चिमटा खालच्या स्क्रूला लावला. चार दात वर, चार खाली, खाचेत खाच बसली. तरी त्याचं समाधान होईना. नव्या डबीची वायर त्यानं आधी सोडवली, आपल्या पेटीतली एक धड जुनी कॉइल जोडली, आणि पॉइंट मिटल्याचं सोंग म्हणून तिची दुसरी बाजू तारेनं गाडीच्या पत्र्याला टेकवली. मुकुटाची दुसरी वायरही पत्र्याला लावली. चावी फिरवली.

मुकुट पेटला. अडतीस वर्षांनी, भर दुपारी, पत्र्याच्या शेडमध्ये. कुणी हात जोडले नाहीत.

आम्ही तिघं तसेच बसून राहिलो. पाऊण तासानं इलियासनं माझं मनगट धरलं आणि माझा तळवा त्या कॉइलवर ठेवला. मी ओरडून हात मागे घेतला.

"शिजली," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तो पुसतही नव्हता. "उंदीर घावला."

"इलियास, मला माफ..."

"मी समद्यांवर शक केला, बन्सी. नानासाहेबांवर, कॉइल विकनाऱ्यावर, घरी जोहराच्या भावावर केला. येक तूच सुटलास. मुकुटाला तर मीबी दोरीपासून हात जोडायचो." त्या दिवशी त्यानं मला पहिल्यांदा नावानं हाक मारली.

"मी सांगेन सगळ्यांना. मोंढ्यात, क्रांती चौकात, म्हणशील तिथं."

"म्हनशील तिथं नको. जिथं पेटी उलटी केली, तिथं."

जन्मशताब्दीच्या दिवशी ऐरावत स्वतःच्या इंजिनावर पाचोडात शिरला. चालवायला इलियास, शेजारी मी, आणि आमच्या दोघांमधे एका पोत्यात त्या सात कॉइल. काळी डबी वाटेत एकदाही रुसली नाही, तरी इलियास दर पाच मैलांनी मान तिरकी करून इंजिनाचा आवाज ऐकत होता.

बाजारात लहानसा मांडव होता. भाषणं झाली. मग मी उभा राहिलो. चेहऱ्याला रंग नाही, अंगावर शेला नाही. असा उघडा मी रंगमंचावर कधी आलो नव्हतो. मी जे घडलं ते सांगितलं, मुकुट वर धरून दाखवला, आणि म्हणालो, "याच जागी एका माणसाला चोर म्हटलं गेलं. चोर तो नव्हता. त्याच्या गाडीतला करंट चोरणारा मी होतो."

पुढे बसलेली सरूबाई नावाची एक म्हातारी उठली. "आन् मी पोराला मांडीवर घेऊन हात जोडले व्हते त्या मुकुटाला! टरकाच्या करंटाला व्हय रं, मुडद्या?"

सारा बाजार हसला. बैलांना बघून हसला होता तसाच, पोट धरून. पण या वेळी इलियासही हसत होता. बद्रीनाथ खाली उतरला, त्याच्यासमोर उभा राहिला आणि वडिलांच्या वतीनं त्यानं हात जोडले. इलियासनं ते हात धरून खाली केले.

परतताना बिडकीनच्या अलीकडे चहाच्या हॉटेलापाशी थांबलो. इलियासनं पोतं माझ्या मांडीवर ठेवलं. "हे आता तुझ्या फळीवर." त्यानं इंजिन बंद केलं, चावी काढली आणि खिशात टाकली. चार पावलं गेला, थबकला, परत आला. मी बसलेलोच होतो. त्यानं टेस्ट लॅम्प काढला, चिमटा पत्र्याला लावला आणि सळई चावीमागच्या खालच्या स्क्रूला टेकवली. बत्ती पेटली नाही.

"अजून वहीम?" मी विचारलं.

चहा आला. मी त्याच्यापुढे कप सरकवला.

"आधी तू पी," इलियास म्हणाला.